वीस वर्षांच्या राजाची इंग्रजी रोजनिशी

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाने राजवाड्याकडे जाताना 1844 साल कुणाला आठवत नाही. त्या वर्षी कोल्हापूर संस्थानात सामानगडाच्या गडकऱ्यांनी बंड केलं, त्याचं लोण घाट उतरून इथवर आलं, आणि सावंतवाडीचे युवराज अण्णासाहेब चक्क बंडवाल्यांना जाऊन मिळाले. बंड फसलं, युवराजांना गोव्यात आसरा घ्यावा लागला. पुढच्या पिढीत मात्र इंग्रजांची रीत बदललेली दिसते. संस्थानिकाला वठणीवर आणायला पलटण नंतर, आधी मास्तर!

या मास्तरकीतून एक लेखक निघाला, तोही घाटावरच्या, कोल्हापूरच्या भोसल्यांच्या गादीवर.

जन्माने तो भोसले नव्हताच. 1850 साली पाटणकरांच्या घरात जन्मलेला हा नागोजीराव. कोल्हापूरचे बाबासाहेब महाराज, म्हणजे चौथे शिवाजी, त्याचे मामा. त्यांना मूल नव्हतं. त्यांनी भाच्याला दत्तक घेतलं, 1866 मध्ये ते वारले, आणि सोळा वर्षांचा नागोजी राजाराम महाराज झाला. मग शिक्षणाला जोर चढला. एका पारशी शिक्षकाच्या हाताखाली त्याची इंग्रजी तयार झाली, आणि ती नुसती साहेबाशी हस्तांदोलन करण्यापुरती नव्हती.

1870 च्या उन्हाळ्यात तो विलायतेला निघाला. समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त, असा तो काळ. सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हा इंग्रज अधिकारी. राजाने तिथे व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, पार्लमेंटचं कामकाज पाहिलं, आणि हे सगळं तो इंग्रजीत टिपून ठेवत गेला. ज्या घराण्याचे कागद पिढ्यान् पिढ्या कारकुनांनी मोडीत लिहिले, त्या घरचा राजा परक्या भाषेत, स्वतःच्या हाताने रोजनिशी लिहितोय! मला तरी राणीच्या भेटीपेक्षा याचंच अप्रूप जास्त वाटतं.

परतीच्या वाटेवर इटलीत त्याची तब्येत ढासळली. 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये तो गेला. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी. तिथे प्रेत जाळायची चालच नव्हती. बरोबरच्या मंडळींनी खास परवानगी मिळवली आणि आर्नो नदीला मुन्योने मिळते त्या जागी चिता रचली. परमुलखातही त्यांनी संगम शोधून काढला. पुढे तिथे छत्री उभी राहिली, आत फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याच्याच आराखड्याचा. 1978 साली जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्याचं नाव ‘पोंते अल्ल इंडियानो’, म्हणजे ‘भारतीयाचा पूल’.

रोजनिशी 1872 मध्ये लंडनला छापली गेली. संपादक कोण? तोच कॅप्टन वेस्ट. त्यामुळे वाचताना मनात किंतु राहतोच: राजाने साहेबाबद्दल काही तिखट लिहिलं असतं, तर ते छापखान्यापर्यंत पोचलं असतं का? देखरेख करणाऱ्यानेच विद्यार्थ्याची वही तपासून जगापुढे ठेवली, हे विसरून ती वाचता येत नाही.

आणि अशा देखरेखीचं दुसरं टोकही कोल्हापुरानेच पाहिलं. राजारामांच्या मागून दत्तक आलेल्या मुलाला, म्हणजे पाचव्या शिवाजीला, वेडा ठरवून नगरच्या किल्ल्यात ठेवलं. 1883 च्या नाताळात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर तो दगावला. त्याच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’त लिहिलं म्हणून टिळक-आगरकरांना त्याआधीच, 1882 मध्ये, डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले होते. गोपाळ कृष्ण गोखले त्याच सुमारास कोल्हापुरात कॉलेजचे पहिले धडे गिरवत होते. कॉलेजला नाव होतं रोजनिशीवाल्या राजारामाचं.