गप्पी माशाची वीण

विहिरींत डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं जो गप्पी मासा सोडतात, तो मूळचा त्रिनिदाद बेटांतील व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांतील होय. गप्पी नांवाच्या गृहस्थानें १८६६ सालीं त्याचे नमुने लंडनला धाडले, त्यावरून हें नांव पडलें.

याची मादी अंडीं घालीत नाहीं. सुमारें ४ आठवडे पोटांत वाढवून जिवंत पिलें प्रसवते. शिवाय नराचें वीर्य ती कित्येक महिने सांठवून ठेवते. नर मेला तरी वीण चालूच राहते.

त्रिनिदादच्या ओढ्यांत जेथें मोठे भक्षक मासे आहेत, तेथें मादी लवकर वयांत येऊन पुष्कळ, पण बारीक पिलें देते. धबधब्यावरील निर्धास्त पाण्यांत पिलें थोडीं व मोठीं होतात, आणि नरहि अधिक भडक रंगाचे असतात. शोभेच्या हौदांत माणसानें हाच भडकपणा निवडून वाढविला व लांब शेपटांचे नर निपजविले. तें शेपूट पोहण्यास अडचणच होय. विहिरीस साधा करडा मासाच आणावा, असें आमचें मत आहे. आईबाप स्वतःचीं पिलें खातात. त्यांस लपण्यापुरतें शेवाळ ठेवावें.

मात्र पावसाळ्यांत जिचें पाणी ओढ्यास मिळतें, अशा विहिरींत हा मासा मुळींच सोडूं नये. एक गाभण मादी निसटली तरी ओढ्यांत त्याचें बस्तान बसूं शकतें. देशी माशांच्या अन्नांत तो वांटेकरी होतो, व मग त्यास तेथून काढणें कोणाच्याच हातीं राहत नाहीं.