मधल्या सुराची रिबेका

आज इंग्लंडच्या एका वादक बाईची गोष्ट सांगते. तिचं नाव रिबेका क्लार्क. ती व्हायोला वाजवायची.

व्हायोला म्हणजे काय? व्हायोलिन आपण पाहिलंय. व्हायोला हे त्याचं थोरलं भावंड. आकाराने थोडं मोठं, आवाज खालचा नि भरदार. ऑर्केस्ट्रात वरचे सूर व्हायोलिनचे, खालचे चेलोचे, मधली जागा व्हायोलाची. भजनात पुढे गाणारी सगळ्यांना दिसते, पण मागची साथ थांबली की भजन उघडं पडतं. तसंच हे.

रिबेकाचा जन्म १८८६ चा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ती चार्ल्स स्टॅनफर्ड यांच्याकडे संगीतरचना शिकली. ‘व्हायोलिन सोड, व्हायोला धर, मधोमध बसलीस की सगळं कसं बांधलंय ते कळेल,’ अशा अर्थाचा सल्ला त्यांचाच. पुढे १९१० मध्ये वडिलांशी वाद झाला आणि त्यांनी तिला घराबाहेर काढलं. शिक्षण सुटलं. मग त्याच व्हायोलावर तिने पोट भरलं.

तेव्हा मोठ्या ऑर्केस्ट्रात बहुतेक पुरुषच असत. हेन्री वूड हे कंडक्टर होते. कंडक्टर म्हणजे समोर उभं राहून, हाताच्या इशाऱ्याने सगळ्यांना एकत्र चालवणारा. त्यांनी क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात सहा बायकांना घेतलं. त्यात रिबेका होती.

ती स्वतः रचनाही करायची. १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात पत्रिकेवर सारखं आपलंच नाव नको, म्हणून एका रचनेखाली तिने ‘अँथनी ट्रेंट’ असं पुरुषाचं नाव घातलं. कौतुक जास्त झालं ते या नसलेल्या ट्रेंटसाहेबांचं!

पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका स्पर्धेत नावं झाकून ७० हून जास्त रचना आल्या. परीक्षकांची मतं दोन रचनांवर समसमान पडली. शेवटचं मत स्पर्धा भरवणाऱ्या एलिझाबेथ कूलिज यांचं. पहिला नंबर अर्नेस्ट ब्लॉख यांना गेला. दुसरी रचना बाईची निघाली, तेव्हा परीक्षक चकित झाले. रिबेका क्लार्क हे पुरुषाचंच टोपणनाव असेल, असंही बोललं गेलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच बाईने अमेरिकेत लोकांची मुलं सांभाळण्याचं काम केलं. तिच्या रचना विस्मरणात गेल्या. १९७६ मध्ये तिच्या नव्वदीला न्यूयॉर्कच्या एका रेडिओने कार्यक्रम केला, तेव्हा लोकांना ती पुन्हा आठवली. १९७९ मध्ये ती वारली. आज व्हायोला शिकणारी मुलंमुली तिची ती स्पर्धेतली रचना आवर्जून वाजवतात.

मैत्रिणींनो, काम चांगलं होतंच. अडलं ते नावापाशी. म्हणून पुढच्या बैठकीत एवढं बघा: गटाच्या मसाल्याच्या पाकिटावर, शेळीच्या विम्यावर, घराच्या उताऱ्यावर राबणारीचं नाव आहे का? नसेल तर कसं घालायचं, ते मिळून ठरवूया.