सशाचा कोपरा

घरात ससा पाळला की पहिली तक्रार येते ती लेंड्यांची आणि लघवीच्या वासाची. वास्तविक ससा स्वच्छ प्राणी. लघवीसाठी तो स्वतःच एखादा कोपरा ठरवतो. आपण मात्र आपल्या सोयीच्या जागी टब ठेवतो आणि तिथेच चुकतो. त्याने निवडलेल्या कोपऱ्यातच पसरट, बुटका टब ठेवावा. तळाशी रद्दी (हे पान वाचून झाल्यावर तेही चालेल), वर वाळलेले गवत. सशाला खाता खाताच लेंड्या टाकायची सवय असते, म्हणून चारा तिथेच बरा. चार लेंड्या बाहेर पडणारच. तेवढे चालवून घ्यावे. मारू तर मुळीच नये. वयात आलेला नर हद्द राखण्यासाठी लघवीचे फवारे उडवतो. खच्चीकरणाने हे बहुधा थांबते.

पण सवय लागलेला ससा एकाएकी टबाबाहेर लघवी करू लागला, तर त्याला हट्टीपणा समजू नका. मूत्रखडा किंवा पायाचे दुखणे असू शकते. दहा-बारा तासांत एकही लेंडी पडली नाही, चाराही सोडला, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे.