क्लच व प्रचक्र यांची जुळणी
मोटारगाडीत मूळ एंजिनाऐवजी दुसरे बसविताना क्लच व प्रचक्र यांची परस्परानुरूप करावयाची निवड. प्रचक्र नव्या एंजिनाच्या भुजादंडाला बोल्टांनी जोडतात, तर क्लचची तबकडी जुन्या दंतचक्रपेटीच्या दंडावर सरकते. त्यामुळे बोल्टांची छिद्रे भुजादंडाशी व तबकडीच्या मध्यातील खाचा दंडाशी जुळाव्या लागतात. प्रचक्राच्या कडेवरील दाते आरंभक चलित्राच्या दंतचक्राशी जुळणे आवश्यक असते. पिंपरी-चिंचवडमधील आकुर्डीच्या बजाज टेंपो (२००५ पासून फोर्स मोटर्स) कंपनीच्या मॅटाडोर गाडीचे डीझेल एंजिन जुन्या पेट्रोल जीपगाड्यांत बसवीत. डीझेल एंजिन मंद गतीतही मोठे घूर्णन परिबल देते. ते न पेलणारा मूळ क्लच घसरतो, तापतो व लवकर झिजतो. दोन्ही दंड एका अक्षावर नसल्यास तबकडीही टिकत नाही.