फुटबॉल शिकवावा कसा?

दहा वर्षांच्या मुलांचा फुटबॉल पाहणाऱ्याला एक दृश्य हमखास दिसते. पोळ्यावरच्या मधमाश्यांप्रमाणे सारी मुले चेंडूभोवती गोळा होतात. चेंडू उजवीकडे गेला की घोळका उजवीकडे, डावीकडे गेला की डावीकडे. बाकीचे मैदान ओस. कडेला उभे असलेले गुरुजी 'पसरा, पसरा!' म्हणून घसा कोरडा करीत असतात आणि मुले काही पसरत नाहीत. ह्यात मुलांचा दोष नाही. पायाशी आलेला चेंडू पायाशी राहील की नाही ह्याचीच ज्याला धास्ती, तो मान वर करून मोकळी जागा कोठून पाहणार? डावपेचांची वाट कौशल्यातून जाते आणि कौशल्याची वाट चेंडूच्या सहवासातून.

हा सहवास आपल्याकडे किती मिळतो, ह्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बावीस मुलांचा तासभर सामना झाला आणि चेंडू क्षणभरही थांबला नाही असे धरले, तरी एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटेसुद्धा येत नाहीत. आणि धीट मुले आपला वाटा आधीच उचलतात, तेव्हा बुजऱ्याला त्यातलेही काही उरत नाही. तेच चौघांविरुद्ध चौघे असे लहान मैदानावर खेळवले, की हा वाटा साडेसात मिनिटांवर जातो. सरावात एका चेंडूपुढे वीस मुलांची रांग लावणे म्हणजे शिस्त नव्हे; तो वेळेचा अपव्यय होय. शक्य तेथे प्रत्येकाला एक चेंडू द्यावा, आणि तोही बेताचा. मोठ्यांच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो. लहानांसाठी त्याहून लहान चेंडू मिळतो, तो वापरावा.

पहिला धडा चेंडू थोपवण्याचा. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात किंचित मागे घेतात, नाहीतर चेंडू तळव्यावरून उसळतो. पायाचेही तसेच आहे. चेंडू येताना पाऊल थोडे मागे जावे, म्हणजे त्याचा वेग तेथेच मरतो. ह्याहून महत्त्वाची, पण क्वचितच शिकवली जाणारी गोष्ट अशी, की चेंडू येण्यापूर्वीच मुलाने खांद्यावरून मागे एक नजर टाकावी आणि अंग तिरपे करून उभे राहावे. सरळ तोंड करून उभा राहणारा फक्त आलेल्या दिशेला पाहतो. तिरपा उभा राहणारा अर्धे मैदान पाहतो.

दुसरा धडा डाव्या पायाचा. येथे हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम ह्यांचे स्मरण होते. ते मूळचे शाळामास्तर. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती होता, आणि त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. आपल्या शहरात त्यांनी केवळ दुबळ्या पायाने खेळावयाचे सामने भरवले. युक्ती साधी आहे. पण 'डावा पाय सुधार' असे शंभरदा सांगून जे होत नाही, ते खेळाचा नियमच तसा केला की आपोआप होते. हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्याच हाताखालचा भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला होता आणि कित्येक खेळाडू अनवाणी होते. मेलबर्न येथे १९५६ मध्ये तोच देश चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ असा विजय मिळाला, त्यात नेव्हिल डिसोझा ह्यांचे तीन गोल होते. जकार्ता येथे १९६२ मध्ये आशियाई सुवर्णपदक मिळाले आणि पुढल्याच वर्षी रहीम ह्यांचे निधन झाले.

आता डावपेच. फळ्यावर बाण काढून ते समजत नाहीत. दोघांविरुद्ध एक, एवढ्या लहान प्रसंगात त्यांचे सारे सार आहे. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याने बचाव करणाऱ्याच्या अंगावर जावे, त्याला आपल्याकडे ओढावे आणि मगच जोडीदाराला पास द्यावा. पास लवकर दिला तर बचाववाला जोडीदाराकडे धावण्यास मोकळा. उशिरा दिला तर चेंडू गेला. हा क्षण कोणता, हे शब्दांत सांगता येत नाही. मुलाने तो पन्नास वेळा चुकवावा लागतो, आणि तेवढा वेळ शिक्षकाने गप्प राहावे लागते. हे दुसरे पहिल्यापेक्षा कठीण.

बचावासाठी आट्यापाट्यांची आठवण उपयोगी पडते. पाटीवरचा गडी हुलकावणीला भुलून झेपावला की वाट मोकळी झालीच. फुटबॉलमध्येही अंगावर झेप न घेता समोरच्याला रोखून धरावे, त्याला कडेच्या रेषेकडे वळवावे आणि मागून साथीदार येईपर्यंत वेळ काढावा. कडेची रेषा हा बचावाचा फुकटचा गडी होय. ती कधी थकत नाही.

डोक्याने चेंडू मारण्याबाबत मात्र जुनी समजूत बदलावी लागेल. स्कॉटलंडमधील माजी व्यावसायिक खेळाडूंच्या मृत्यूंचा ग्लासगो येथे अभ्यास झाला. मेंदूच्या ऱ्हासाच्या रोगांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीनपट असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथील संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून डोक्याने मारणे वगळण्याचा सल्ला दिला. ह्यात मुलांचे खेळ म्हणून काही नुकसान नाही. चेंडू जमिनीवर राहिला तर उलट पाय सुधारतात.

सर्वांत मोठा अन्याय संघ निवडताना होतो, आणि तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. वयोगटाची मर्यादा १ जानेवारीला धरली, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. अकराव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे चार बोटे उंची आणि बरेच बळ. थोराड मुलगा निवडला जातो, त्याला अधिक सामने मिळतात, म्हणून तो अधिक शिकतो. आणि पुढे लोक म्हणतात, निवड बरोबर होती. अनेक देशांतील युवा संघांत वर्षाच्या आरंभी जन्मलेल्यांचा भरणा आढळतो, तो ह्यामुळेच. डिसेंबरातला मुलगा तेराव्या वर्षी बूट माळ्यावर टाकून देतो, आणि तो कसा खेळला असता हे कोणाला कळतच नाही. म्हणून निवडीच्या दिवशी शिक्षकाने गुणांच्या यादीशेजारी जन्मतारखांची यादीही ठेवावी, आणि चौदाव्या वर्षापर्यंत राखीव बाकावरच्या प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ मैदानात उतरवावे, सामना हातचा जात असला तरीही.