जुन्या संगणकाला 4के का झेपत नाही?

टीव्हीला जोडलेला 2013 च्या सुमाराचा संगणक साधे चित्रपट आजही छान दाखवतो; अडखळतो तो 4के फाइल लावल्यावर. व्हिडिओ दाबून साठवलेला असतो. जुनी एच.264 पद्धत उलगडणारे खास सर्किट त्या काळच्या चिपमध्ये आहे. पण 4के फाइल बहुधा नव्या पद्धतींत असतात: त्यांतल्या एच.265 चे मानकच 2013 मध्ये आले, एव्ही1 चे 2018 मध्ये. त्यांचे सर्किट नसल्याने सगळे गणित मुख्य प्रोसेसरवर पडते. तो तापतो आणि चित्र तुटते.

म्हणून नुसती रॅम वाढवून साधत नाही. एसएसडीने संगणक झटकन सुरू होईल, एवढेच. माझ्या मते प्रोसेसरसकट मदरबोर्डच बदलावा. 2023 मध्ये आलेला इंटेल एन100 प्रोसेसर दोन्ही पद्धती सहज उलगडतो, तोही अवघ्या 6 वॅटच्या वर्गातला, म्हणून पंख्याविनाही चालवता येतो. आदिलाबादसारख्या कडक उन्हाळ्याच्या, कापसाच्या जिल्ह्यात ही मोठी सोय आहे. जुन्या पंख्याखालचे हीटसिंक उघडून पाहा, पात्यांच्या फटींत धूळ आणि तंतूंचा करडा थर दिसेल. कॅबिनेट, हार्ड डिस्क ठेवा. डीडीआर3 रॅम मात्र नव्या बोर्डावर बसणार नाही.