मागे सरका, डोंगर मोठा होईल

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यान पाहून आलेल्यांची एक तक्रार हमखास असते: ‘डोंगर प्रत्यक्षात केवढा होता, फोटोत मात्र टेकडीएवढा आला.’ बायसन फ्रेमभर आलेला असतो आणि त्याच्या पाठीमागे हिमशिखरांची बारीकशी किनार उरलेली असते. दोष कॅमेऱ्याचा नसतो. फोटो काढणारा जनावराच्या फार जवळ गेलेला असतो.

टीटन रांगेला पायथ्याच्या टेकड्याच नाहीत. इथल्या भ्रंशरेषेच्या पश्चिमेचा खडक लाखो वर्षं वर सरकत राहिला आणि पूर्वेची जॅक्सन होल ही दरी खाली बसत गेली. त्यामुळे सपाट माळावरून डोंगर एकदम सुमारे दोन हजार मीटर वर चढतो. ग्रँड टीटन हे शिखर समुद्रसपाटीपासून ४,१९९ मीटर उंच आहे. माळावर सेजब्रशची करडी झुडपं आणि त्यांत चरणारे बायसन, एल्क, प्राँगहॉर्न. हा माळ उद्यानात आला तोही मोठ्या झगड्यानंतर. १९२९ साली उद्यान झालं तेव्हा त्यात शिखरं आणि त्यांच्या पायाशी असलेली तळीच होती. दरीतली हजारो एकर जमीन धनिक जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी आपलं नाव पुढे न करता विकत घेतली आणि पुढे सरकारला दिली. स्थानिकांनी कडाडून विरोध केला. अखेर १९५० मध्ये दरीचा मोठा भाग उद्यानात आला. जनावर आणि पर्वत आज एका चौकटीत मिळतात ते त्यामुळे.

आता गणित पाहू. बायसनपासून तीस मीटरवर उभं राहून ७० मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढला, असं समजा. मग नव्वद मीटरपर्यंत मागे जा आणि २१० मिलिमीटरचा झूम लावा. अंतर तिप्पट, झूमही तिप्पट. म्हणजे बायसन फ्रेममध्ये तेवढाच राहतो. शिखर मात्र दहा किलोमीटरहून जास्त लांब आहे. तुम्ही साठ मीटर मागे गेल्याने त्याच्या अंतरात जवळजवळ काहीच फरक पडत नाही, पण झूम त्यालाही तिपटीने मोठं करतो. डोळ्यांना जाणवलेला डोंगर फोटोत परत येतो तो असा. झूम म्हणजे जवळ जाण्याचा आळस, हा समज निदान इथे तरी सोडून द्यावा.

याची किंमतही मोजावी लागते. लांब लेन्सवर बायसनवर फोकस केला की एफ/८ ॲपर्चरला शिखरं किंचित धूसर होतात. दोन्ही स्पष्ट हवं असेल तर एफ/१६ च्या आसपास जावं लागतं. प्रकाश कमी पडतो, म्हणून आयएसओ वाढवावा. थोडा दाणेदारपणा आला तरी चालेल, हललेला फोटो चालत नाही. दुपारी तापलेल्या माळावरची हवा थरथरते आणि लांबच्या फोटोची धार जाते. त्यावर महागड्या लेन्सचाही इलाज नाही.

म्हणून पहाट. रांग दरीच्या पश्चिमेला असल्याने उगवतीचं ऊन आधी थेट शिखरांवर पडतं, माळ सावलीतच असतो. शिखरांना धरून एक्स्पोजर घेतलं तर बायसन काळा ठिपका होतो. बायसनला धरून घेतलं तर शिखरं पांढरी फटक पडतात. ऊन उतरत माळावर येईपर्यंत थांबणं मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. संध्याकाळी सूर्य डोंगरामागे जातो, तेव्हा मिळते ती बाह्यरेखाच.

छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४२ मध्ये टिपलेलं टीटन आणि स्नेक नदीचं छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. व्हॉयेजर यानांबरोबर १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या चित्रांत तेही आहे. त्याच जागी आजही गर्दी होते. पण तिथली झाडं आता इतकी वाढली आहेत, की नदीचं ते वळण बरंचसं झाकलं गेलंय. तोच फोटो पुन्हा काढण्यासाठी धडपडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲडम्स यांच्या चौकटीत एकही जनावर नव्हतं. तुमच्या चौकटीत असू शकतं.

उद्यानाच्या नियमानुसार अस्वल आणि लांडग्यापासून किमान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि बायसन, एल्क, मूस यांच्यापासून किमान २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर, अंतर राखावं लागतं. बायसन संथ दिसतो, पण ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकतो. त्याने शेपूट उभी केली, की कॅमेरा खाली करून मागे व्हावं. माझ्या मते २३ मीटर ही सुरक्षिततेची किमान मर्यादा आहे, चांगल्या फोटोची जागा नव्हे. ती जागा त्याहून बरीच मागे असते.

मोठी लेन्स नसली तरी अडत नाही. पाचपट टेलिफोटो असलेला फोन साधारण १२० मिलिमीटरच्या लेन्सचं काम करतो. माळावरच्या मॉर्मन रो या ठिकाणाजवळच्या रस्त्याकडेला, पन्नास-साठ मीटर अंतर राखून, फोन गाडीच्या टपावर टेकवून तो वापरावा. बायसन चौकटीत थोडा लहान दिसेल. त्याला लहानच राहू द्यावं आणि वरची जागा शिखरांना द्यावी.